ओंडक्यावरचे पोवळे

पावसाळ्यात रानातल्या कुजक्या ओंडक्यावर बोटभर उंचीचे, फांद्या फुटलेले, टोकांशी दाते असलेले झुडूपवजा काहीतरी उगवलेले दिसते. त्याला पान नसते, छत्री नसते, आणि देठ कुठे संपला नि फांदी कुठे सुरू झाली हेही सांगता येत नाही. समुद्रातल्या पोवळ्याशी असलेल्या साम्यावरून अशा बुरशांना जगभर पोवळ्याचेच नाव मिळाले आहे. मराठीत सोयीसाठी प्रवाळ-बुरशी म्हणता येईल. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या सीमाभागाच्या बोलण्यात मात्र तिच्यासाठी रुळलेले नाव ऐकू येत नाही. खाण्याजोगी ती अळंबी, बाकीची कुत्र्याची छत्री, एवढ्यावर काम भागते. छत्रीच नसलेली बुरशीही मग कुत्र्याची छत्री ठरते. जी खाता येत नाही आणि विकताही येत नाही, तिच्यासाठी वेगळे नाव कोण राखून ठेवणार?

मालवणच्या समुद्रातले खरे पोवळे म्हणजे लहानग्या प्राण्यांच्या वसाहतीने रचलेला चुनखडीचा सांगाडा. ओंडक्यावरचे पोवळे म्हणजे बुरशीचे फळ. बुरशीचे शरीर लाकडाच्या आत असते. दोऱ्याहून कितीतरी बारीक तंतू लाकडात सर्वदूर पसरलेले असतात आणि वर्षानुवर्षे ते लाकूड पचवत राहतात. पुरेसा ओलावा मिळाला, की हे तंतू एके ठिकाणी गोळा होऊन सालीच्या फटीतून वर येतात, बीजाणू सोडतात आणि त्या मोसमापुरते काम संपवतात. छत्रीच्या अळंबीत बीजाणू छत्रीखालच्या पडद्यांवर धरतात, त्यामुळे त्यांना पावसापासून आडोसा मिळतो. प्रवाळ-बुरशीला हा आडोसा नाही. तिचे बीजाणू फांद्यांच्या बाहेरच्या अंगावरच धरतात. एका सोट्याऐवजी वीस फांद्या फुटल्या तर बीजाणूंना जागा तितकी जास्त मिळते. छत्री, पडदे, देठावरचे कडे असा खटाटोप न करता काम साधणारी ही सोपी रचना आहे, आणि सोपी असल्यामुळेच ती निसर्गात एकदा नव्हे तर अनेकदा, वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे तयार झाली.

ओळख पटवताना सगळी अडचण येते ती इथेच. पोवळ्याचा आकार हा नातेसंबंधाचा पुरावा नाही. एकाच ओंडक्यावर शेजारी शेजारी उगवलेली दोन ‘पोवळी’ एकमेकांना माणूस आणि माशी यांच्याइतकी दूरची असू शकतात.

लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींची नावे लावताना सोट्यासारख्या नि पोवळ्यासारख्या बुरशांसाठी ‘क्लावेरिया’ हे एकच प्रजातीनाम वापरले. लॅटिनमध्ये ‘क्लावा’ म्हणजे सोटा, गदा. पुढची दोनशे वर्षे जगभरातून येणारा या आकाराचा बहुतेक माल याच पोत्यात भरला जात राहिला. पोते उपसून नीट वाटणी करण्याचे काम ई. जे. एच. कॉर्नर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात अनेक वर्षे काम केलेल्या कॉर्नरचा या बुरशांवरचा ग्रंथ 1950 मध्ये निघाला. बाहेरच्या आकाराला फार किंमत न देता त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची वीण आणि बीजाणूंची घडण पाहिली. भारतातल्या प्रजातींवर के. एस. थिंड यांनी लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1961 मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर डीएनएच्या तपासणीने जुनी घराणी आणखी विस्कटली. फांद्यांची दाट गुच्छी धरणारी रामारिया ही जाळीदार झगा घालणाऱ्या, कुजक्या मांसाचा वास मारणाऱ्या बुरशीच्या नात्यातली निघाली. (या नावाचा रामाशी काही संबंध नाही, लॅटिनमध्ये ‘रामुस’ म्हणजे फांदी.) क्लावेरिया बाजारातल्या बटण अळंबीच्या गोतावळ्यात गेली. ओंडक्यावर काळी बोटे काढणारी झायलेरिया तर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या विभागातली.

हे दोन विभाग एकदा समजून घेतले की पुढचे सोपे जाते. एका विभागात बीजाणू सूक्ष्म पिशवीच्या, म्हणजे धानीच्या, आत तयार होतात आणि पिशवीचे तोंड उघडून बाहेर फेकले जातात. त्यांना धानीकवक म्हणतात. दुसऱ्या विभागात बीजाणू गदेच्या आकाराच्या सूक्ष्म पेशीच्या माथ्यावर, बाहेरच्या बाजूने धरतात, ते गदाकवक. छत्रीच्या सगळ्या ओळखीच्या अळंब्या, रामारिया, क्लावेरिया हे गदाकवक आहेत. झायलेरिया धानीकवक आहे.

सीमाभागात या बुरशा शोधायच्या तर पावसाचा नकाशा समोर ठेवावा लागतो. निपाणी-चिकोडीचा भाग तंबाखू आणि उसाचा. काळी जमीन, झाडे बांधावर किंवा गावाच्या आसपास. तिथून बेळगाव ओलांडून खानापूर तालुक्यात जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत जाणारा रस्ता सव्वाशे किलोमीटरांच्या आसपासचा. पण एवढ्या अंतरात पाऊस अनेक पटींनी वाढतो आणि रानाचे रूप पूर्ण पालटते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. त्याच परिसरात 2011 मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. पुढे चोर्ला घाट उतरला की गोवा. महाराष्ट्राच्या बाजूला चंदगड, तिलारी आणि वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या घरात पाऊस घेणारी आंबोली. ऐन, किंजळ, नाना, जांभूळ, हिरडा यांची मोडून पडलेली खोडे या रानात वर्षानुवर्षे ओलसर सावलीत पडून असतात. बुरशीला एवढेच हवे असते. देवराईत तर पडलेले लाकूड उचलायचे नाही असा जुना रिवाज असतो, त्यामुळे कुजण्याच्या सगळ्या पायऱ्या एकाच जागी पाहता येतात.

निपाणीकडच्या माणसाने निराश व्हायचे कारण नाही. बांधावरच्या तोडलेल्या आंब्याचा खुंट, विहिरीच्या काठावर कुजत पडलेला बुंधा, गोठ्यामागे रचून विसरलेला लाकूडफाटा, अशा ठिकाणी निदान झायलेरिया तरी सापडतेच. बेळगाव शहरात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली किंवा कॅम्पातली जुनी झाडे याच कामाची. काळही नक्षत्रांच्या हिशेबाने सांगता येतो. वळवाने ओंडका वरवर भिजतो, पण फळ धरायला तो गाभ्यापर्यंत ओला व्हावा लागतो. मृग-आर्द्रा चांगली लागली की चिकट आणि जेलीसारख्या मंडळींची ये-जा सुरू होते. पुनर्वसू-पुष्याच्या, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसाच्या संततधारेनंतर, विशेषतः मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तर, नाजूक फांद्यांची पोवळी वर येतात. झायलेरिया कडक असल्यामुळे दिवाळीनंतरही काळी पडून उभी असते.

ओंडक्यावर पोवळे दिसले की त्याचा रंग पाहण्याची घाई होते. रंग सर्वांत शेवटी पाहावा. वय, ओलावा आणि ऊन यांनी तो बदलतो. सकाळी पिवळी दिसलेली फांदी दुपारी तपकिरी होते. पहिला प्रश्न असा, की ही बुरशी नेमकी कशावर उगवली आहे?

वरवर पाहता उत्तर सोपे वाटते, पण फसगत इथेच जास्त होते. जमिनीवर उगवल्यासारखी वाटणारी बुरशी बोटभर माती बाजूला केल्यावर गाडलेल्या फांदीवर निघते. ओंडक्यावर उगवलेली वाटणारी बुरशी कधी ओंडक्यावर साचलेल्या पाचोळ्याच्या मातीवर असते. कधी कुजक्या लाकडातून वर आलेला नारिंगी किंवा लाल दांडा मुळापर्यंत कोरत नेला की खाली मेलेला किडा सापडतो. ही किड्यांवर वाढणाऱ्या बुरशांची जात. ढेकण्या किड्यांवर उगवणारी, तारेसारखा काळा दांडा आणि लाल टोक असलेली अशी एक बुरशी कर्नाटकातल्याच कोडगूच्या रानातून नोंदवली गेली आहे. म्हणून नमुना वरून खुडू नये. चाकूच्या टोकाने बुडखा लाकडाच्या कपच्यासकट उचलावा. बुडाशी पांढरे दोरखंडासारखे तंतू आहेत का, काळा मुळासारखा शेपटा आहे का, की बुडखा थेट सालीला चिकटलेला आहे, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे. लाकूड कुठल्या झाडाचे, साल शाबूत आहे की सुटलेली, ते नखाने खरवडले जाते की अजून ठणठणीत आहे, हीसुद्धा ओळखीचीच अंगे आहेत.

दुसरी परीक्षा बोटांची. एक फांदी चिमटीत धरून हळू वाकवावी. ती जेलीसारखी किंवा मऊ रबरासारखी वाकली आणि सोडल्यावर परत सरळ झाली, तर बुरशी कॅलोसेराच्या गटातली असण्याचा संभव मोठा. कोवळ्या गाजरासारखी कट् करून तुटली, तर क्लावेरिया किंवा तिचे नातलग, पण हे बहुतेक मातीवरचे रहिवासी. चामड्यासारखी चिवट लागली तर लाकडावरची रामारिया, लेंटारिया, नाहीतर जमिनीवरची थेलेफोरा. बुचासारखी कडक, जवळजवळ लाकडीच लागली तर झायलेरिया. आणि बोट लागताच पाणचट लगदा झाला, तर ती मुळात बुरशीच नव्हे.

ज्यांना काळे ते सगळे काटकी आणि बुरशी ती सगळी मऊ वाटते त्यांच्या नजरेतून झायलेरिया नेहमी सुटते. सीमाभागात ओंडक्यावरचे पोवळे म्हणून सर्वांत जास्त भेटणारी हीच. ओंडक्याच्या सालीतून वर आलेली जळक्या काडीसारखी काळी बोटे, काही एकेरी, काही टोकाशी दुभंगून हरणाच्या शिंगांसारखी झालेली. उंची बहुधा 3 ते 8 सेंटिमीटर. पावसाच्या सुरुवातीला हीच बोटे अगदी निराळी दिसतात. बुडखा काळा आणि बारीक लव असलेला, पण वरचा अर्धा भाग पिठात बुडवून काढल्यासारखा पांढरट-करडा. त्याला टिचकी मारली तर विझलेल्या वातीतून निघावा तसा धूर निघतो. तो धूर म्हणजे बुरशीचे अलैंगिक बीजाणू, एक प्रकारे घाईची पेरणी. काही आठवड्यांनी पांढरे पीठ उडून जाते, बोट संपूर्ण काळे होते आणि त्याचे अंग पुरळ उठल्यासारखे खरखरीत लागते. भिंगातून पाहिले तर प्रत्येक पुरळाला मधोमध बारीक छिद्र दिसते. बोट ब्लेडने आडवे कापले की आतला गर पांढरा शुभ्र, आणि कडेला सालीखाली काळ्या ठिपक्यांची एक ओळ, मण्यांची माळ गुंडाळावी तशी. प्रत्येक ठिपका ही एक सूक्ष्म कुपी. कुपीत धान्या आणि धानीत काळे बीजाणू. त्यांची लांबी काही जातींत मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी असते. पांढरा गर आणि काळ्या ठिपक्यांची कड ही खूण पटली की प्रजातीची खात्री झाली. रंगाने काळे पडलेले दुसरे कुठलेही पोवळे असे कापले जात नाही.

जातीचे नाव मात्र एवढ्याने ठरत नाही, आणि इथे हात आखडता घ्यावा. युरोपातल्या पुस्तकांत शिंगाच्या आकाराच्या झायलेरियाला ‘झायलेरिया हायपोझायलॉन’ म्हणतात, आणि जाड बोटांसारखीला ‘झायलेरिया पॉलिमॉर्फा’. तीच नावे आपल्याकडच्या छायाचित्रांखाली सर्रास लावली जातात. पण ही थंड प्रदेशातली नावे आहेत. उष्ण प्रदेशात झायलेरियाच्या शेकड्यांनी जाती आहेत आणि दिसायला त्यांतल्या कित्येक सारख्याच. नुसते ‘झायलेरिया’ लिहिलेले बरोबर असते, पुढे विश्वासाने लावलेले दुसरे नाव बहुधा चूक. शिवाय काही जाती लाकूड सोडून गळालेल्या फळांवर, शेंगांवर किंवा पाचोळ्यावरच उगवतात. म्हणजे पुन्हा पहिलाच प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वारुळातून उगवणारी झायलेरिया हा वेगळाच प्रकार. वाळवी आपल्या वारुळात छत्रीच्या अळंबीची शेती करते आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी चवदार अळंबी ती हीच. वारुळातल्या त्याच मळ्यात झायलेरियाही दबा धरून असते, पण वाळवीची राखण चालू असेपर्यंत तिला डोके वर काढता येत नाही. वारूळ ओसाड पडले की तिचे लांब मुळासारख्या काळ्या शेपटाचे दांडे जमिनीवर येतात. छत्रीची अळंबी उगवते ते वारूळ नांदते; काळी बोटे उगवली की बहुधा घर उठले समजावे. वारुळातल्या या बुरशीचा जमिनीखालचा काळा, कडक गड्डा केरळात आणि चीनमध्ये औषध म्हणून वापरला जातो.

बोट लागताच लगदा होणाऱ्या पोवळ्याचे नाव सेरॅटिओमिक्सा. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, साल सुटलेल्या आणि पाणी पिऊन फुगलेल्या ओंडक्यावर सकाळी पांढरी बुरी आल्यासारखे दिसते. जवळ गेल्यावर ती बुरी म्हणजे काचेसारख्या अर्धपारदर्शक, फांद्या फुटलेल्या शेकडो खांबांचे रान आहे हे कळते. एकेक खांब एक-दोन मिलिमीटरचा, फार झाला तर सेंटिमीटरभर. छायाचित्रात मोजपट्टी नसेल तर हे इवलेसे रान आणि वीतभर उंचीची रामारिया यांत फरकच कळत नाही. या विषयातल्या चुकीच्या ओळखींपैकी बऱ्याच अशा झालेल्या असतात. सेरॅटिओमिक्सा हा श्लेष्मकवक आहे. नावात कवक असले तरी त्याचे नाते अमीबासारख्या जीवांशी. तो लाकूड खात नाही. कुजक्या लाकडातून सरपटत जीवाणू गिळतो आणि बीजाणू सोडायची वेळ आली की पृष्ठभागावर येऊन ही खांबांची आरास मांडतो. दुपारच्या उन्हात ती सुकून पांढऱ्या भुकटीचा डाग तेवढा उरतो. सकाळी ‘पांढरे पोवळे’ पाहिले आणि संध्याकाळी तिथे काहीच नव्हते, असे कोणी सांगितले तर नव्वद टक्के हेच समजावे.

कॅलोसेरा त्या मानाने टिकाऊ. साल गेलेल्या, उन्हापावसात धुतलेल्या लाकडाच्या भेगांतून पिवळ्या किंवा नारिंगी रंगाची बारीक शिंगे ओळीने निघतात. पानझडी झाडांच्या लाकडावरची शिंगे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची आणि बहुधा एकेरी असतात. भरपूर फांद्यांचे, उंच, झळझळीत नारिंगी कॅलोसेरा युरोपातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शोभते, पण ते सूचिपर्णी लाकडावरचे. पाइन-देवदार नसलेल्या सीमाभागातल्या रानात ते शोधू नये. ओली असताना ही शिंगे तेल लावल्यासारखी चकाकतात, सुकली की आकसून दोऱ्यासारखी होतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली यांच्या बीजाणुधारक पेशीला दोन हात फुटलेले दिसतात, थेट बेचक्यासारखे. हा आकार एकदा पाहिला की विसरला जात नाही.

आता राहिली लाकडावरची खरी पोवळी. खरी अशासाठी की एकाच बुडख्यातून शेकडो फांद्या, फांदीला पुन्हा फांदी, असा पोवळ्याचा पूर्ण थाट यांच्यातच असतो. यांतली सर्वांत सहज ओळखू येणारी आर्टोमायसिस. तिची फांदी टोकाशी टोकदार होत नाही. ती किंचित रुंद होऊन तिच्या काठावर चार-सहा बारीक टोके उभी राहतात, लहान मुलाच्या नाटकातल्या मुकुटासारखी. त्या मुकुटाच्या प्रत्येक टोकातून पुढची फांदी निघते आणि तिच्याही माथ्यावर मुकुट. फिकट पिवळसर ते बदामी रंग, उंची 5 ते 13 सेंटिमीटर, कागदावर पडणारा बीजाणूंचा ठसा पांढरा. टोकाचा मुकुट भिंगाशिवायही दिसतो, पण छायाचित्र वरून घेतले असेल तर नेमका तोच हरवतो.

रामारियाच्या बहुतेक जाती जमिनीवर, झाडांच्या मुळांशी भागीदारी करून राहतात. लाकडावर राहणाऱ्या थोड्या जातींचे वळण वेगळे असते. फांद्या इतस्ततः न पसरता खराट्याच्या काड्यांसारख्या सरळ, एकमेकींना समांतर वर जातात. बुडाशी लाकडात शिरलेले पांढरे दोर दिसतात. फांदी चोळली की तपकिरी-जांभळट डाग पडतो. रामारियाची दुसरी पक्की खूण ठशात आहे: तिचे बीजाणू पांढरे नसून पिवळट गेरूच्या रंगाचे असतात. एक रासायनिक परीक्षाही आहे, आणि तिचे साहित्य निपाणीच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. उसावर केवडा पडला की फवारतात ते हिराकस पाण्यात विरघळवून त्याचा थेंब फांदीवर सोडला, तर रामारियाच्या बहुतेक जातींत तिथे हिरवट डाग उमटतो. थेंब सोडलेला तुकडा वेगळा ठेवावा, मूळ नमुन्यात मिसळू नये.

लेंटारिया दिसायला याच रामारियाची लहान बहीण, पण बीजाणू पांढरे. ओल्या पाचोळ्यातल्या काटक्यांवर केसाएवढ्या बारीक फांद्यांची टेरुला असते. तिच्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. दंतूर टोकांची पांढरी क्लाव्ह्युलिना आणि लसणासारखा उग्र वास मारणारी तपकिरी थेलेफोरा या दोघी ओंडक्याच्या कुशीत दिसल्या तरी मुळात जमिनीवरच्या. क्लाव्ह्युलिना बुडापासून काळी पडत गेलेली दिसली तर तो तिचा रंग नव्हे. तिच्यावर दुसरी बुरशी जगत असते. हिमकाड्यांसारखे काटे खाली लोंबणारी हेरिसियमही पोवळ्यासारखी दिसते. पोवळ्याच्या फांद्या वर जातात, हेरिसियमचे काटे जमिनीकडे वळतात.

ठसा घेण्याची रीत घरगुती आहे. ताज्या बुरशीचा तुकडा अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद जोडून त्यावर आडवा ठेवावा, वर वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हलवू नये. पांढरे बीजाणू काळ्या कागदावर आणि गेरूच्या रंगाचे पांढऱ्यावर उठून दिसतात. ठसा उठलाच नाही तर नमुना कोवळा होता किंवा सुकून गेला होता एवढाच त्याचा अर्थ. ठशाची भुकटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय जात ठरवता येत नाही. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत हे उपकरण असते.

लाकडाची अवस्थाही बुरशीची ओळख सांगते. झायलेरिया आणि लाकडावरची रामारिया लाकूड पांढरट आणि तंतुमय करत नेतात, कारण त्या लाकडाला ताठपणा देणारे लिग्निनही मोडतात. झायलेरियाने व्यापलेला ओंडका चिरला तर नकाशातल्या सीमारेषांसारख्या काळ्या बारीक रेघा दिसतात. त्या खरोखरच सीमा असतात. आपल्या हद्दीत दुसऱ्या बुरशीला येऊ न देण्यासाठी तंतूंनी घातलेले काळे कुंपण. कॅलोसेराच्या गटाचे काम याउलट. ती सेल्युलोज संपवते आणि लिग्निन बव्हंशी मागे ठेवते, त्यामुळे लाकूड तपकिरी होऊन विटांसारख्या चौकोनी तुकड्यांत फुटते.

खाण्याच्या बाबतीत एकच उत्तर आहे: ओंडक्यावरचे पोवळे ताटात घेऊ नये. हिमालयात आणि इतर काही देशांत रामारियाच्या काही जाती खातात हे खरे, पण त्याच प्रजातीत जुलाब आणि पोटदुखी घडवणाऱ्याही जाती आहेत आणि दोन्हींतला फरक सूक्ष्मदर्शकाखालचा असतो. ‘पोवळ्याच्या आकाराच्या बुरशा विषारी नसतात’ हा समज तर घातक आहे. जपान-कोरियात आढळणारी, ज्वाळेसारखी लालभडक बोटे काढणारी ‘ट्रायकोडर्मा कॉर्नु-डामी’ खाऊन माणसे दगावली आहेत, आणि 2019 मध्ये ती ऑस्ट्रेलियातही सापडली. शिजवताना लसूण किंवा चांदीची वस्तू काळी पडते का हे पाहून विष ओळखता येत नाही. चव घेऊन ओळखण्याची रीत जुन्या परदेशी पुस्तकांत आहे. ती पुस्तकातच राहू द्यावी.

नमुना घ्यायचा तर कागदी पाकिटात घ्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत घरी पोचेपर्यंत त्याचा चिखल होतो. सावलीत, पंख्याखाली कडकडीत सुकवलेला नमुना वर्षानुवर्षे टिकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला अजरेकर कवकसंग्रह अशाच सुकवलेल्या नमुन्यांचा आहे. भीमगडसारख्या अभयारण्यात मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, कुजक्या लाकडाची कपचीसुद्धा नाही. तिथे छायाचित्रावर भागवावे, आणि एकाने भागत नाही. एक बाजूने, फांद्यांची टोके दिसतील असे, एक बुडख्याचे, एक थोडे दुरून, ओंडका दिसेल असे, आणि प्रत्येकात मोजपट्टी, ती नसेल तर निदान रुपयाचे नाणे. सोबत तारीख, गाव, लाकूड कुठले आणि साल होती की नव्हती एवढे लिहून ठेवावे. या दोन ओळी नसल्या तर कितीही सुरेख छायाचित्रावरून जाणकारही फक्त ‘एक प्रवाळ-बुरशी’ एवढेच सांगू शकतो.